काटेसाहेबांच्या गिटारी

आमच्या ह्यांना बाजारात नावाने कुणी हाक मारली नाही. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली, तेव्हा सगळे त्यांना काटेसाहेब म्हणायचे. तराजूचा काटा आणि पायात मोडणारा काटा, दोन्ही अर्थांनी. हे रस्त्याच्या तोंडाशी दिसले की दुकानदार आधी तराजूवर फडकं मारायचे आणि मग चहा मागवायचे. चहा ह्यांनी कधी घेतला नाही. दहा ग्रॅम कमी भरलं की वजन जप्त, आणि वर भाषण.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरी बसतो म्हणजे काय होतं, ते मला विचारा. पहिल्या महिन्यात माझ्या शिलाईच्या दुकानातल्या सगळ्या टेपा तपासून झाल्या, दोन फेकून झाल्या. मग नणंदेच्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती, म्हणून मामा बरोबर गेले. संध्याकाळी परत आले ते तणतणतच. "गिटारीची मान अंगात बसवतात ना, तिथे फट! माझं ओळखपत्र आत गेलं! ह्याहून चांगली मी करीन."

मला वाटलं, बोलून मोकळे झाले. पण महिन्याभरात घरात सीएनसी राऊटर आला. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, आकडे भरायचे, की फिरणारं पातं पुढेमागे जाऊन लाकूड त्या आकाराचं कोरून काढतं. टेबलाएवढं मशीन, आणि आवाज असा की शेजारी दाढ उपटतायत. भुसा कुठे नव्हता? साखरेत होता, चष्म्याच्या घरात होता, धुतलेल्या चादरींत होता. "बारीक आहे, झटकला की जातो," असं हे शांतपणे सांगायचे. झटकायचं कुणी, ते नाही सांगायचे.

आणि ह्या माणसाला वाजवायला एक सूर येत नाही, बरं का.

पहिली गिटार अर्थातच भाचीला दिली. दिसायला देखणी होती, ते मी नाकारणार नाही. मान अंगात अशी घट्ट बसलेली की केससुद्धा जाऊ नये. दुसरी आमच्या दाताच्या डॉक्टरांना, तिसरी माझ्या धाकट्या भावाला, चौथी घरात भिंतीवर. कौतुक चाललं होतं. फक्त भाची दोन-तीन महिन्यांनी आली आणि चाचरत म्हणाली, "मामा, खाली वाजवलं की ठीक वाटतं, पण मानेवर वर वर गेलं की स्वर उतरतो."

"उतरेल कसा? तार जिच्यावर टेकते ती घोडी मी स्वतः स्टीलच्या पट्टीने मोजून बसवलीय. मानेवर बोटं दाबायच्या पट्ट्या असतात ना, पडदे, त्यांच्या खाचा मशीनने कापल्यात. गिटार बरोबर आहे, बाई. तू कान तयार कर."

तिच्या शिकवणीच्या मास्तरांनीही तेच सांगितलं, कान कच्चा आहे म्हणून. वर्षभर पोरगी झगडली आणि मग तिने शिकवणी सोडली. आम्हाला वाटलं, हौस फिटली.

पुढे तीन वर्षांनी मला एका हॉटेलच्या दारवानांच्या बारा जाकिटांचं काम मिळालं. कागदाचे नमुने वापरून वापरून फाटतात, म्हणून मी ह्यांना म्हटलं, "एवढं मशीन आहे, तर मला प्लायवूडचे नमुने तरी कापून द्या." मोठ्या उत्साहाने दिले. पुढचा भाग मशीनवर उभा लावून कापला, मागचा मावेना म्हणून आडवा. मी बाराही जाकिटं त्यावरून कापली आणि शिवायला बसले.

बाजूची शिवण जुळेना. मागचा भाग पुढच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब. दुसरं जाकीट घेतलं, तेच. तिसरं, तेच. चाळीस वर्षं कात्री चालवतेय, असं कधी झालं नव्हतं. डोकं असं फिरलं की दोन्ही फळ्या उचलून मी थेट ह्यांच्या मशीनच्या खोलीत गेले.

"तुमचं मशीन खोटं मोजतं."

"तुझी टेप ताणलेली असेल."

"टेप तुम्हीच तपासलीत! पन्नासचे साडेएकोणपन्नास भरतायत. उभं मोजा. आडवं मोजा. मग बोला."

त्यांनी कपाटातून नोकरीतली शिक्क्याची पट्टी काढली. आडवं मोजलं, बरोबर. उभं मोजलं. परत मोजलं. चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. मग खुर्चीत बसले. मशीन जोडलं त्या पहिल्याच दिवशी उभ्या बाजूचा एक आकडा चुकीचा भरला गेला होता. तेव्हापासून ते शंभराला नव्व्याण्णव कापत होतं. लाकडाची जाडी ह्यांनी मोजली होती, रुंदी मोजली होती, पण लांबी मशीनवर सोडली होती. मशीन कशाला खोटं बोलेल?

मी तोंड उघडणार, एवढ्यात ते पुटपुटले, "पडदे."

"काय पडदे?"

"गिटारीची मान मी नेहमी उभीच लावतो. म्हणजे सगळे पडदे जवळ जवळ आलेत, आणि घोडी पट्टीने मोजून पूर्ण अंतरावर. साडेसहा मिलिमीटरचा फरक. वर गेलं की स्वर उतरणारच." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "ती बरोबर सांगत होती."

दुसऱ्या दिवसापासून गिटारी जप्त करायची मोहीम सुरू झाली. दुसरा शब्द नाही. माझा भाऊ म्हणाला, "मला तर काही फरक जाणवला नाही." त्यावर हे म्हणाले, "तुला जाणवणार नाही," आणि गिटार काखेत मारली. माझ्या माहेरच्या माणसाला! दाताच्या डॉक्टरांनी ती दवाखान्यात शोभेला लावली होती, ते काही देईनात. ह्यांनी खुर्चीवरच्या पेशंटसमोर अर्धा तास वाद घातला. शेवटी गिटारीमागे "वाजवण्यास अयोग्य" अशी चिठ्ठी डकवून आले. मी दाराबाहेर तोंड लपवून उभी. आता त्या डॉक्टरांकडे दाढ दाखवायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?

भाचीकडे जायला मात्र आठवडा लावला. रोज शर्ट घालायचे आणि रोज काढून ठेवायचे. शेवटी मीच ओढून नेलं. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दुपारच्या सुटीत गेलो. हे काउंटरपाशी उभ्या उभ्याच म्हणाले, "गिटार चुकलेली होती. साडेसहा मिलिमीटर. तुझा कान बरोबर होता."

तिने हातातली चष्म्याची चौकट खाली ठेवली. मग म्हणाली, "मामा, मी वर्षभर रोज रडायचे. मास्तर म्हणाले त्याचं मला काही वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, म्हणून मी सोडली. तुमचं माप कधी चुकत नाही, असं अख्खं घर म्हणतं."

"हो. मीच म्हणालो होतो."

मशीनचं नाव नाही, आकड्याचं नाव नाही. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने सबब दिली नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"घरी कपाटावर आहे, घेऊन जा," ती रागातच म्हणाली. "पण परत कराल तेव्हा मी तपासणार."

"तपास."

पंधरा दिवस खपून ह्यांनी घोडीची जुनी भोकं लाकडाने बुजवली आणि घोडी पुढे सरकवली. रविवारी भाची आली, खुर्ची ओढून बसली आणि एकेक तार मोकळी, मग मधल्या पडद्यावर दाबून, असं ऐकत गेली. "तिसरी अजून उतरतेय." ह्यांनी घोडीवरचा पेच फिरवला. "नाही, जास्त झाला." परत फिरवला. सहा वेळा फिरवायला लावलं, आणि बाजारभर दरारा असलेला माणूस गुडघ्यावर बसून मुकाट्याने फिरवत होता. सातव्यांदा ती मानेवर अगदी वर गेली, एक लांब स्वर धरला आणि तसाच ठेवला. मग नुसती वाजवतच राहिली. चुकत होती, बोटं अडखळत होती. मी चहा दोनदा गरम केला.

निघताना तिने गिटार पिशवीत घातली. हे जागेवरच बसून होते, हातात पेचकस.

"मामी, आता मामांना ओरडू नका हं," ती दारात म्हणाली.

मी म्हटलं, "ते माझं मी बघते. तू जा."