भावाला दिलेली वाट

हे घरात कुणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही कधी भरे गावात आलात तर लोक माझ्या मोठ्या मनाची गोष्ट सांगतील, म्हणून.

माझं पिरंगुटला हार्डवेअरचं दुकान आहे, शेत भऱ्यात. शेजारचं शेत चुलतभाऊ युनूसभाईचं. त्याची बैलगाडी, नंतरच्या काळात ट्रॅक्टर, माझ्या शेतातल्या वाटेनंच जायचा. वाट होती — हे आधीच लिहून टाकतो. पण तिथं मला गोडाऊन बांधायचं होतं. मी तारेचं कुंपण घातलं आणि म्हणालो, इथं वाट कधी नव्हतीच. युनूसभाई कोर्टात गेला.

साक्षीपुरावे सुरू होण्याआधी न्यायाधीश बाईंनी आम्हा दोघांना दालनात बोलावलं, वकिलांना बाहेर बसवलं. मला नवलच वाटलं. न्यायाधीश वर बसून निकाल देतात, एवढंच मला ठाऊक. या तर विचारत होत्या — विहीर कुणाच्या बाजूला, पेरणी आधी कुणाची होते? मग एकेकट्याशी बोलल्या. मला म्हणाल्या, वाट सोडली तर तुमचं नेमकं काय अडतं? हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, माझ्या वकिलानंही नाही. गोडाऊन जरा सरकवलं की काहीच अडत नव्हतं. इतकं सोपं होतं? तेवढं मी कबूल केलं. खरं मात्र तेव्हाही नाही सांगितलं.

पुन्हा दोघांना एकत्र बसवलं. युनूसभाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मला वाट आठवतीया. पन शौकत न्हवती म्हनतोय, तर न्हवती आसंल. त्यो खोटं न्हाई बोलायचा."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं का? मग गप्प का बसल्या — मी बोलावं म्हणून? अजून मला त्याचं कुतूहल वाटतं. माझं एक खरं वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वाट न्हवती, मॅडम. पन भावासाठी देतो."

तडजोड झाली. युनूसभाई माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं.

आता ट्रॅक्टर रोज जातो. गावात माझं नाव निघतं. मागच्या महिन्यात युनूसभाई डोक्याच्या डॉक्टरला दाखवून आला — जे कधी नव्हतंच ते आपल्याला एवढं स्पष्ट कसं आठवतं, हे विचारायला. मीच त्याला माझ्या गाडीतून घेऊन गेलो होतो.