आत बघणारा अंगठा

लष्करी डॉक्टरांना अनाडी माणूस हवा होता. वाडीतल्या एका गोदामामागे मोकळ्या जागेत चाचणी होती. एका टोकाला तंबू, दुसऱ्या टोकाला जनरेटर लावलेला ट्रक, ट्रकात थ्रीडी प्रिंटर. तंबूतून जखमी हाताचा फोटो मोबाइलवर पाठवायचा आणि ट्रकात त्याच मापाचा स्प्लिंट, म्हणजे मोडलेला अंगठा हलू नये म्हणून बसवायचा आधार, प्लास्टिकमध्ये छापायचा. दूरच्या तळावर प्रत्येक मापाचे आधार साठवता येत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

यंत्र उमरेडच्या एका विणकर घरातल्या अभियंता मुलीचे होते. पहिली चाचणी फसली होती. ही फसली की विषय संपणार होता.

मी बातमीसाठी गेलो होतो. "यंत्रातलं काहीच न कळणारं इथे कोण आहे?" डॉक्टरांनी विचारले. मुलीने विचार न करता माझ्याकडे बोट दाखवले.

तंबूत मी डावा हात चौकटींच्या कागदावर ठेवला, उजव्याने फोटो काढला आणि पाठवण्याआधी तो जरा नीट केला. वर्तमानपत्राचे पान लावताना आमच्याकडे एक रीत आहे: फोटोतल्या माणसाने पानाच्या आत बघावे. बाहेर बघत असेल तर फोटो आरशासारखा उलटवायचा. माझा अंगठा बाहेर बघत होता. तीस वर्षांच्या सवयीने मी तो आत वळवला.

दीड तासाने स्प्लिंट आला. डॉक्टरांनी तो माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याची जागा करंगळीकडे होती.

"पत्रकारसाहेब, तुम्हाला अंगठा त्या बाजूला आहे का?"

मुलगी ट्रकातून धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. "फाइल तर बरोबर होती जी!"

माझ्या वहीत तोवर 'तांत्रिक बिघाडामुळे चाचणी अयशस्वी' असे लिहून झाले होते. बिघाडाचे वय अठ्ठावन्न होते. मी ओळ खोडली आणि फोटोचे सांगितले.

"काका, उलटा काहून केला?"

"चांगला दिसावा म्हणून."

"हाताचं काय लगीन होतं का जी?"

डॉक्टर हसले नाहीत. घड्याळ बघून म्हणाले, "पाचला माझी गाडी निघेल." सव्वातीन झाले होते. तिने मूळ फोटो मागितला, माझा मोबाइल काढून घेतला आणि फोटो स्वतःच पाठवला. पुढचा दीड तास मी खुर्चीवर बसून होतो. कोणी चहाही विचारला नाही, ते योग्यच होते.

पाचला दहा मिनिटे असताना दुसरा स्प्लिंट अंगठ्यावर बसला. डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितले. तो हलला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी अहवालावर दोन वाक्ये लिहिली आणि कागद मुलीला दिला. तिने तो वाचला, डोळे पुसले आणि माझ्यापुढे धरला.

'यंत्र पुढे पाठवण्यास योग्य. फोटो काढणारा बदलावा.'

त्यात दुरुस्ती सुचवावी असे काही मला सापडले नाही.