चपलांपाशी काढलेली इयत्ता

सोनवणे बाई वर्गात कधी बसल्या नाहीत. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची. नाशिकच्या द्वारका चौकातून सकाळची बस धरून त्या आमच्या दिंडोरीजवळच्या शाळेत यायच्या, चार चटया अंथरायच्या आणि त्यांच्यामधून फिरत इंग्रजी शिकवायच्या. चटई वयावर नाही, ज्याला जेवढं येतं त्यावर. सातवीची मुलगी पहिलीतल्या पोराशेजारी. कुणी हसलं की बाई म्हणायच्या, "इयत्ता बाहेर चपलांपाशी काढून यायची रे राजा!"

मी तिथला मुख्याध्यापक. मला त्या चटयांची धास्तीच वाटायची.

जनी सुरगाण्याकडची. आईबापांबरोबर द्राक्षबागेच्या कामाला आलेली, तेरा वर्षांची, पहिल्या चटईवर. दोन महिने तिनं तोंड उघडलं नाही. "ओठ बघा तिचे, सर. आतल्या आत हलतात," बाई सांगायच्या. एके दिवशी त्यांनी तिला दुसऱ्या चटईवर नेलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

"उद्या इयत्तेप्रमाणे ओळी करा," मी म्हणालो.

"जनीला सातवीत बसवू? लाजेनं मरेल हो ती."

"साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं तर?"

"नाही येत म्हणेल. खोटं थोडंच आहे?"

सकाळी बाई आत चटया अंथरत होत्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. जनी आली. चपला काढल्या, ओळीत नीट ठेवल्या, आणि माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मे आय कम इन, सर?"

तिचं पहिलं इंग्रजी वाक्य.

मी "नो" म्हणालो. वर हळूच, "आज बागेत जा."

साहेब खूश होऊन गेले. जनी परत आली नाही. बाई बागेत जाऊन तिला भेटल्या. मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "माला इंग्रजी नको."

"मीच घाई केली. उगाच चटई बदलली," बाई मला म्हणाल्या. "तुम्हाला काही बोलली होती का?"

"नाही."

त्यानंतर बाईंनी कुणाचीच चटई आपणहून बदलली नाही. मूल स्वतः उठून जाईपर्यंत थांबायच्या. गेल्या वर्षी शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "जनीला पोरं असतील आता. माझ्यासारखी घाई करणारं कुणी भेटू नये त्यांना." मी मोसंबं सोलत राहिलो. आठवड्याने बाई गेल्या.

बाई, घाई तुम्ही केली नव्हती.

आता तो वर्ग मीच घेतो. दारातलं मूल "मे आय" म्हणतं न म्हणतं तोच माझ्या तोंडून "ये, ये" निघतं. परवा एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, पुरं तर बोलू द्या की!"