दोन्ही अर्ज माझेच

देगलूरच्या तहसील कचेरीच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या सावलीत माझे टेबल आहे. बावीस वर्षांपासून मी येथे बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सर्व शिक्षण मी सरकारी कागदांकडून घेतले. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. परंतु समोरचा माणूस अडचणीत असताना त्याला दुरुस्त करीत बसणे मला प्रशस्त वाटत नाही.

ज्या प्रकरणाची हकीकत येथे सादर करीत आहे, ते आठ मुलींच्या शाळेचे होते. कर्नाटकातल्या औरादच्या रस्त्याला, हद्द लागण्यापूर्वी आपले शेवटचे एक गाव आहे. शाळेच्या वेळेला तेथे बस जात नाही. गावातल्या आठवीपासून पुढच्या मुली एका ऑटोने देगलूरला येतात. शाळा सुरू होताना त्या ऑटोवाल्याने महिन्याच्या भाड्यात मुलीमागे दोनशे रुपयांची वाढ सांगितली. कारण पेट्रोल.

गावातून चार बाप माझ्याकडे आले. पुढे जो होता, त्याची मुलगी नववीत होती.

"वकीलसाहेब, असा अर्ज लिवा की त्यो ऑटोवाला सरळ झाला पायजे," तो म्हणाला. "हद्दीपल्याड पेट्रोल सस्तं, बाया बसमधी फुकट हिंडून राहिल्या. आन् आमी जास्तीचे दोनशे काहून द्यावं?"

"आणि त्याने ऐकले नाही तर?"

"तर पोरगी घरी. धाकटं पोरगं बी हाय मला शिकवायला."

हे तो रागाने बोलला नाही, म्हणूनच मला ते खरे वाटले. मी हातातली सर्व कामे बाजूला ठेवली.

तीन पानांचा अर्ज झाला. शेवटच्या पानावर तुलनात्मक तक्ता. तक्ता ही माझी खासियत आहे. साहेबलोक मजकूर वाचोत न वाचोत, रकान्यांवरून त्यांची नजर फिरतेच. एका रकान्यात महाराष्ट्र, दुसऱ्यात कर्नाटक. पेट्रोलचा भाव, त्यावरचा राज्याचा कर, बायकांचे बसभाडे, घरची वीज, घरच्या बाईला सरकारकडून महिन्याला मिळणारी रक्कम. भाव मी ऐकीव लिहीत नाही. औरादच्या पंपावरच्या फलकाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेतला.

तेलंगणाचा रकाना मी ठेवला नाही. देगलूरहून दुसऱ्या दिशेला निघाले की अर्ध्या तासात तेलंगण लागते, आणि तेथे पेट्रोल आपल्याहून महाग आहे. अर्जात अर्जदाराच्या उपयोगाचे सत्य लिहावयाचे असते. उरलेले सत्य समोरच्या पक्षाचे.

अर्ज तहसीलला दिला. ऑटोचे भाडे तहसीलच्या कक्षेत येत नाही हे मला पूर्ण ठाऊक होते. परंतु ज्या कचेरीत माणसाचे ऐकून घेतात, तेथेच कागद द्यावा, हे माझे अनुभवाचे मत आहे. आठ दिवसांत ऑटोवाल्याला खुलासा देण्यास बोलावणे गेले.

नवव्या दिवशी तो माझ्याच टेबलासमोर उभा. पन्नाशीचा माणूस. त्याच्या घराण्याच्या कैक पिढ्या देगलूरच्या. बापाचा टांगा होता, याचा ऑटो. अर्जाची प्रत त्याने माझ्यासमोर ठेवली.

"वकीलसाब, जवाब लिवायचा हाय. पन हे ज्यानं लिवलं ना, लई जालिम मानूस हाय. बोलायला जागाच ठेवली न्हाई त्यानं."

"भाई, हा अर्ज माझाच आहे."

"मालूम हाय की. म्हनून तर आलो. दुसऱ्याकडं गेलो आन् तुमी हरवलं तर?"

आमच्या धंद्यात दोन्ही बाजूंचे लिहिण्यास मनाई नाही. एकाचे दुसऱ्याला सांगण्यास आहे. मी खुर्ची पुढे ओढली आणि जवाब लिहिला. या खेपेस रकाने महाराष्ट्र आणि तेलंगण. तिकडचा पेट्रोलचा भाव, तिकडच्या ऑटोंचे शाळेचे भाडे, त्या मानाने प्रस्तुत ऑटोचालकाची मागणी किती माफक, हे सर्व क्रमाने मांडले. कर्नाटकचे नावही नाही. तो जवाब वाचून झाल्यावर माझा मूळ अर्ज मलाच पोरकट वाटू लागला.

सही घेताना मी सहज विचारले, "भाई, तुम्ही पेट्रोल भरता कुठे?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "आधी औरादला भरायचो. पोरींना शाळेत सोडलं की तिकडून इकडच्या बाजाराला आलेल्या बायांना वापस न्यायचो, टाकी भरायचो, यायचो. आता त्यांना तिकडच्या बसमधी फुकट हाय. माझ्या ऑटोत कोन बसंल? आन् रिकामा ऑटो घेऊन पेट्रोलला गेलो तर जान्यातच सस्तेपना संपतो. दोन साल खेचलं, वकीलसाब. दोनशे न्हाई भेटले तर शाळेची खेप सोडनार मी."

हद्दीपल्याड जे स्वस्त झाले, त्यानेच आमच्या मुलींचे भाडे महाग केले होते. हे माझ्या एकाही तक्त्यात नव्हते.

"हे जवाबात लिहू?"

"नको, नको. लोक म्हनतील, सस्तं भरून आमच्याकडून इकडच्या भावानं घेतलं."

पक्षकाराने नको म्हटले. मी लेखणी खाली ठेवली. परंतु त्या रात्री जेवताना माझे लक्ष ताटात नव्हते. बाप एक पैसा वाढवणार नाही, ऑटोवाला एक पैसा सोडणार नाही, आणि दोघांच्या हातांत मी असे कागद दिले होते की कोणालाही माघार घेण्याचे कारण उरले नव्हते. नववीतून शाळा सुटणे म्हणजे काय, हे मला कोणी तक्त्यातून समजावण्याची गरज नाही.

सुनावणीला नायब तहसीलदार मॅडम होत्या. वयाने लहान, बाहेरगावच्या. त्यांनी अर्ज आणि जवाब शेजारी शेजारी ठेवले, पाने पुढेमागे केली.

"हे दोन्ही एकाच माणसानं लिहिलंय का?"

चारही बापांनी माझ्याकडे पाहिले. ऑटोवाल्याने पंख्याकडे.

"होय, मॅडम. दोन्ही अर्ज माझेच."

"मग खरं कोणतं?"

"दोन्ही. आकडानआकडा तपासून घ्यावा."

त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "मग तिन्ही राज्यं एका कागदावर आणा. मी इथंच बसलेय."

मी बाहेर येऊन टेबलावर उभ्याउभ्याच तीन रकाने आखले आणि परत जाऊन मोठ्याने वाचू लागलो. पेट्रोल झाले. कर झाला. "बायकांचा बसप्रवास. कर्नाटक, मोफत. तेलंगण, मोफत. महाराष्ट्र, अर्धे तिकीट."

"खोटं हाय ते."

दारात नववीतल्या मुलीची आई उभी होती. भर कचेरीत माझ्या तक्त्याला खोटे म्हणणारी ती पहिलीच.

"काय खोटे आहे, माय?"

"आमाला कुठं फुकट हाय तिकडं? माझं माहेर औरादच्या अंगाला. मागल्या खेपी औरादच्या बाजाराला निघाले तर कंडक्टर म्हनला, आधार दाव. दावलं. म्हनला, हे महाराष्ट्राचं, तिकीट काढा. आन् इकडचं अर्धं तिकीट काढायला आमच्या गावात येळंवर बस तर आली पायजे! सांगा की, आमचा रकाना कोन्ता?"

"मग तुम्ही जाता कशा?" मॅडमनी विचारले.

"हद्दीपत्तुर पायी. तिथून पुरं तिकीट. धा-बारा बाया असतोत दर बाजाराला."

दर बाजाराला औरादकडे जाणाऱ्या दहा-बारा सवाऱ्या, आणि ऑटो रिकामा: मी तिथल्या तिथे ते धरले. ऑटोवाल्याच्या कानाशी गेलो. "भाई, पेट्रोलची हकीकत आता सांगा."

"सांगू?"

"सांगा. पुढचे मी लिहितो."

त्याने मान खाली घालून सर्व सांगितले. अपेक्षेप्रमाणे मुलीचा बाप उसळला. "म्हंजी इतके दिस सस्तं भरून आमच्याकून..."

"इतके दिवस भाडं वाढवलं का मी? एकदा तरी? खुदाची कसम घेऊन बोला!"

"ते ऱ्हाऊ द्या आता," बाई मध्येच म्हणाली. ती नवऱ्याकडे पाहतही नव्हती. "भाई, बाजाराला आमी बसलो तर न्याल का? बसला देतो तेवढंच देऊ."

ऑटोवाला तोंडाने हिशेब करू लागला आणि मी कागदावर चौथा रकाना आखला. वर लिहिले, आमचे गाव. आठवड्यातून दोन खेपा: एक बाजाराची, एक माहेरची-दवाखान्याची. गावातल्या बायका बसच्या तिकिटाएवढे देणार. टाकी तिकडे भरणार. मुलींचे भाडे जुनेच राहणार. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या, आणि माझ्या आग्रहावरून त्या बाईचीही.

"ऑटोत मुली किती बसतात?" मॅडमनी अचानक विचारले.

आता सगळेच पंख्याकडे पाहू लागले.

"ती संख्या दोन्ही कागदांत नमूद नाही, मॅडम," मी म्हणालो. मी ती मुद्दाम टाळली होती.

"बरं. आज नाही विचारत." मग कारकुनाकडे वळून त्या म्हणाल्या, "हा तक्ता फाइलला लावा. नीट लावा."

अर्जदार माझा, प्रतिपक्ष माझा, आणि तडजोड माझ्याच कागदावर. नांदेडच्या मोठ्या कचेरीसमोर बसणाऱ्या एकाने तरी असे करून दाखवल्याचे मला सांगावे. बाहेर आल्यावर दोघांनीही चहा पाजण्याचा हट्ट धरला. मी दोन्ही चहा घेतले.

याला आता वर्ष होत आले. ऑटो रोज सकाळी कचेरीवरून जातो आणि माझ्या टेबलासमोर दोनदा हॉर्न वाजवतो. मी लिहीत असलो तरी डावा हात वर करतो. गेल्या आठवड्यात त्या मुलीचा बाप पुन्हा आला. मुलगी दहावीत गेली आहे आणि अकरावीला बाहेर शिकायचे म्हणते आहे.

"खोलीचं भाडं, मेस, शिकवणी, जान्यायेन्याचं तिकीट. सगळं घालून एक तक्ता करा," तो म्हणाला. "लातूर आन् नांदेड."

मी पट्टी घेऊन दोन रकाने आखले. मग मान वर न करता विचारले, "तिसरा ठेवू का? घरी म्हणून?"

"वकीलसाहेब, काहून लाजवून राहिले गरिबाला," तो म्हणाला आणि समोरच्या बाकड्यावर ऐसपैस बसला. "दोनच ठेवा."