रस्त्याकडेची फुली

लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाला गेले होते. बाळ पोटातच गेलं. तिला जरा बरं वाटावं म्हणून जावई आम्हाला कांगारू दाखवायला घेऊन निघाले, तर पहिलीच मादी दिसली ती रस्त्याकडेला मरून पडलेली, अंगावर रंगाची फुली.

जावई म्हणाले, "पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून लोक थांबून बघतात. बघून झालं की फुली मारतात. पिल्लू मिळालं तर घरी नेऊन कापडी पिशवीत वाढवतात."

पुढं माळभर कांगारू चरत होते. मी मात्र मेलेल्या आईच्या पोटाशी हात घालणाऱ्या त्या अनोळखी माणसाचाच विचार करत राहिले. लेकीनं तर मान वरच केली नाही.

घरी आल्यावर तिनं बाळंतविड्यातलं, माझ्या जुन्या साडीचं दुपटं काढलं. "याची पिशवी शिवू या," म्हणत सुई-दोरा माझ्या हातात दिला.

मला सुईचं नेढंच दिसेना.