कफर अद-दव्वारहून केलेली तार

इजिप्तला जाऊन आलो म्हटलं की माणसं आधी विचारतात, पिरॅमिड पाहिले का? नाही पाहिले बाप्पा. मी पाहिलं ते कफर अद-दव्वार. अलेक्झांड्रियाहून आगगाडीनं पाऊण तासावरचं, कालव्याच्या काठचं लहान गाव. तिथं मी सतरा दिवस होतो आणि त्यातला एक दिवस काही धड एका जागी बसलो नाही. जीव राळेगावच्या पुढं चार कोसांवरच्या आमच्या वावरात अडकला होता, आणि अडकवला होता मीच, माझ्या तोंडानं.

साठ सालच्या पुढची-मागची गोष्ट. मी तेव्हा राळेगावच्या बाजारात कापसाचा पारखी होतो. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरायचा, ओढायचा, तुटलेले धागे एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. धागा किती लांब ते बोटांना कळतं. हे काम हाताला असं लागलं होतं की जेवताना भाकरीसुद्धा मी तशीच ओढून पाहायचो आणि माय डाफरायची.

आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी अशीच सुरू होत नाही. आधी सीतादही. घरची बाई उगवतीकडच्या पाच झाडांना हळदकुंकू लावते, दहीभात शिंपडते, पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा झाडांना गुंडाळते. मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया कमरेला ओट्या, म्हणजे कापूस टाकायच्या झोळ्या, बांधून ओळीत शिरतात. तोवर कोणी एका बोंडाला हात लावत नाही. घरचे सगळे त्या दिवशी वावरात हजर पाहिजेत.

आदल्या वर्षी मी नव्हतो. बाजारात काम निघालं, मी एक दिवस उशिरा पोचलो, तर बाबांनी सीतादही उरकून अर्धं वावर वेचून घेतलेलं. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. भर अंगणात ओरडलो, "मी काय या घरचा पाहुणा हाय? पुढच्या साली माह्याशिवाय हात लावला कापसाले, तर समजा तुमाले पोरगाच नाही!"

माय म्हणाली, "असं वंगाळ बोलू नये बाबू." बाबा पाय धूत होते. लोटा खाली ठेवून एवढंच म्हणाले, "ठीक हाय. नाही लावणार."

आता बाबांचं 'ठीक हाय' म्हणजे दगडावरची रेघ. एकदा शेजाऱ्याला म्हणाले, तुझ्या विहिरीचं पाणी पिणार नाही, तर मरेस्तोवर प्याले नाहीत. मला हे ठाऊक होतं. राग ओसरल्यावर त्यांच्याजवळ जाऊन, "बाबा, ते मी रागात बोललो," एवढं म्हणायला काय जात होतं? पण बापासारखाच मीही. खाण तशी माती.

पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी सरकारनं आम्हा चौघांना इजिप्तला पाठवलं. तिथला लांब धाग्याचा कापूस कसा वेचतात, कसा निवडतात ते बघून या म्हणून. बाबा मोटारीपर्यंत पोचवायला आले. मोटार सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन विचारलं, "सीतादही कधी धरू?" मी ऐटीत म्हणालो, "दिवाळीच्या आत येतोच ना मी!" तेव्हाही म्हणता आलं असतं, तुम्ही करून घ्या. नाही म्हणालो.

पाहणी वेळेत संपली. पण परतीचं जहाज दुरुस्तीला गेलं आणि पुढल्या जहाजापर्यंत आमची सोय कफर अद-दव्वारच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, पाहुणघरात लागली. बातमी कळली त्याच दिवशी मी घरी पत्र टाकलं. काय लिहिलं? 'जहाज लांबलं. उशीर होईल. तब्येत बरी आहे.' बस. 'वेचणी सुरू करा' हे तीन शब्द लेखणीतून उतरेनात. वाटलं, मीच तर भांडलो होतो, आता मीच कसा हरलो म्हणू? आज वाटतं, धरून दोन थोबाडीत द्यायला पाहिजे होत्या मला कोणीतरी.

गाव तसं आपल्यासारखंच. सकाळी गाढवांवर भाजी, कालव्यातून कापसाची पोती भरलेल्या नावा, चहाच्या दुकानात चिलमी ओढणारे म्हातारे. न्याहारीला रात्रभर शिजवलेल्या मोठ्या वालासारख्या दाण्यांची उसळ आणि रोटी, वर काळा चहा. त्यात साखर इतकी की ओठ चिकटायचे. माझ्याबरोबरचे तिघं मजेत होते. पत्ते कुटायचे, जेवायचे, झोपायचे. मला म्हणायचे, "बस ना लेका, काहून तुरुतुरु करून राह्यला?" मी दिवसातून तीनदा कालव्याच्या काठानं स्टेशनापर्यंत जायचो आणि परत यायचो. स्टेशनावर माझं काय होतं? काही नाही. कोजागिरी गेली, बोंडं फुटली असतील, हे एकच डोक्यात घुमत होतं. रोज सकाळी उठून मी आभाळ पाहायचो, आणि मग ध्यानात यायचं की हे आभाळ आमच्या वावरावरचं नाही.

त्या जिनात एक म्हातारा पारखी होता. पायघोळ झगा, डोक्याला पांढरं फडकं, झग्याच्या खिशात कायम कापूस. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पहिल्याच दिवशी त्यानं खिशातून चिमूट काढून माझ्या हातावर ठेवली. मी अंगठ्यांत धरून ओढली. धागा संपेचना! सगळ्या पाहणीत इतका लांब धागा हाती आला नव्हता. आमच्याकडच्या कापसाच्या जवळजवळ दीडपट. माझं तोंड उघडं राहिलं ते बघून म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून आमची गट्टी जमली. जिनातला एक तरुण कारकून थोडं इंग्रजी जाणायचा. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. त्या दोन मोडक्या इंग्रजींतून आमचं बोलणं चाले.

आठव्या दिवशी म्हाताऱ्यानं मला एका शेतावर नेलं. दुसरी वेचणी चालली होती. बाया आणि पोरी एका ओळीनं पुढं सरकत होत्या, मागून मुकादम. बांधावर चटया अंथरून त्यावर कापूस पसरला होता आणि दोघी बसून त्यातला पाला-कचरा तिथंच वेचून काढत होत्या. हे खरं बघण्यासारखं होतं, हेच बघायला तर सरकारनं खर्च करून पाठवलेलं. पण माझी नजर गेली एका झाडाकडं. ओळीतून सुटलेलं एक बोंड पूर्ण फुटून खाली लोंबत होतं. वारा आला की हलायचं. आता पडतं की मग पडतं. माझ्यानं राहवेना. कोणाला न विचारता ओळीत शिरलो, ते बोंड वेचलं, मग शेजारचं, मग पुढचं. सदऱ्याच्या घोळात कापूस भरत मी निघालो पुढं पुढं. बाया खिदळायला लागल्या. मुकादम ओरडत आला. म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला थांबवलं, माझ्याजवळ येऊन काहीतरी विचारलं.

कारकून म्हणाला, "ते विचारतात, तुमचा कापूस कोण वेचतंय?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. एवढा घोडा झालेला माणूस, परक्या देशात, परक्याच्या शेतात उभा राहून रडलो मी. मग सगळं सांगितलं. भांडण, बाबांचं 'ठीक हाय', पत्र, सगळं.

म्हातारा ऐकून भडकला. काठी आपटून म्हणाला, मग तार कर! इथं माझ्या कापसात काय करतोस?

तार मला सुचली नव्हती असं नाही. पण आमच्या गावात तार म्हणजे मरणच. बरी बातमी तारेनं आलेली कोणी पाहिली नव्हती. तारवाला वेशीत दिसला की बायांच्या काळजाचं पाणी व्हायचं. मायचा जीव आधीच एवढासा. हे मी कारकुनाकरवी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं खिशातली चिमूट काढून एकदा ओढली. मग म्हणाला, "भीती एका दिवसाची. कापूस वर्षाचा."

पटलं मला. तसाच उठून गावात तारघराकडं धावलो, तर कुलूप. शुक्रवार! त्यांचा सुट्टीचा वार तो, शेतावर काम चालू बघून मी विसरलोच. रात्र कशी काढली माझी मला ठाऊक. शनिवारी तारघर उघडायच्या आधी दारात उभा. इंग्रजीत लिहून दिलं, कापूस वेचा, माझी वाट पाहू नका. राळेगावचं नाव त्या बाबूला तीनदा लिहून दाखवलं. शिक्का पडला तसं डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या तिघा सोबत्यांशी पत्ते खेळलो आणि हरलो, तरी हसलो. मनात म्हणत होतो, आज पोचली असेल, उद्या सीतादही, परवा तांड्यावरच्या बाया ओट्या बांधतील.

जहाज, मुंबई, मग वर्ध्यापर्यंत गाडी, तिथून मोटार. राळेगावला उतरलो तर पानवाला माझ्याकडं बघून हातातलं पान विसरला. "अबे, तू हायेस?" असं विचारलं त्यानं. मला वाटलं, गंमत करतो. सायकल मागून घेतली आणि घराऐवजी आधी वावराकडं वळलो.

वावर पांढरंफट. नुसतं उभं होतं. एक बोंड वेचलेलं नव्हतं. मधे एक अवकाळी सर येऊन गेली असावी, कारण खाली पडलेला कापूस मातीत लोळून काळा झाला होता आणि झाडावरचा दवानं पिवळा पडून लोंबत होता. मी एक चिमूट ओढली. पारखी ना मी! बाजारात हा माल माझ्यासमोर आला असता तर मीच खालची प्रत लिहिली असती. रागानं कानशिलं तापली. तार मिळूनही इतका हट्ट? तांड्यावरच्या बाया दोनदा येऊन परत गेल्या, दुसऱ्यांची वावरं धरून बसल्या, हे मागून कळलं.

सायकल अंगणात फेकली आणि ओरडलो, "काहून नाही वेचला कापूस? तार भेटली नाही काय?"

माय चुलीपासून उठून आली. पिठाचे हात तसेच माझ्या गालांवर ठेवले, कानांवर, खांद्यांवर ठेवले, दाबून पाहिलं, आणि मटकन खाली बसली. बाबा देव्हाऱ्यापाशी गेले. देवांच्या पाटाखालून एक पाकीट काढून आणलं. वर हळदकुंकू लागलेलं होतं, पाकीट बंदच होतं.

"इनं उघडू नाही देली," बाबा म्हणाले. त्यांची दाढी वाढली होती, गाल बसले होते. "तारवाला म्हणे, मास्तरकडून वाचून आणतो. इनं त्याच्या हातातून ओढून घेतली."

"चिठ्ठीत तर लिवलं होतं तब्येत बरी हाय," माय खाली बघत म्हणाली. "मंग तार कायची? म्या म्हटलं, जोवर कागद बंद हाय तोवर माहा लेक हाय."

"अन् तुम्ही?" मी बाबांना विचारलं. "तुम्ही तरी उघडायची."

बाबांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. माझ्या लक्षात आलं, त्यांचीही छाती झाली नव्हती. मी काय बोललो होतो? माझ्याशिवाय हात लावला तर समजा तुम्हाला पोरगाच नाही. तो माणूस तार देवापाशी ठेवून, फुटलेल्या कापसाकडं बघत अठरा दिवस वावराच्या बांधावर बसत होता. एका बोंडाला हात लावला तर माझं काही होईल म्हणून. जिनातल्या म्हाताऱ्यानं सांगितली होती तशी एका दिवसाची भीती ती नव्हतीच.

"वाच आता," बाबा म्हणाले. "काय लिवलं होतं एवढं?"

मी पाकीट फाडलं. इंग्रजी अक्षरं नीट होती, एक चूक नव्हती. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी वाचलं, "थांबा. मी येतो. माझ्याशिवाय सुरू करू नका."

बाबांचा चेहरा असा उजळला! मायकडं वळून म्हणाले, "पाह्य! म्या म्हटलं नव्हतं? आपण बरोबरच केलं." माय पदरात तोंड घालून रडली, आणि मग आत जाऊन दही लावलं.

दुसऱ्या दिवशी सीतादही झालं. त्या पिवळ्या कापसातलं बरं बोंड शोधून मायनं धागा ओढला, तो दोनदा तुटला. तार तिनं पुन्हा देवांच्या पाटाखाली ठेवली, आणि पुढं दरवर्षी सीतादह्याच्या दिवशी तांड्यावरच्या बायांना ती पाकिटासकट काढून दाखवायची. म्हणायची, "तिकडून, मिसर देशातून लेकानं तार केलती. माह्याशिवाय हात लावू नका म्हणे." बाया माझ्याकडं बघायच्या आणि मी मान हलवायचो.