नारळ उंबऱ्याला फोड

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझा पुळका यायला नको.

बेंगळूरला एका ब्रुअरीत मी सहा वर्षं काम केलं. शिक्षण जंतुशास्त्राचं. नवरा निपाणीचा, हमरस्त्याकडेला त्यांची जागा नुसती पडून होती. तिथं आपली छोटी ब्रुअरी काढायची असं आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा सासरी-माहेरी एकच बोंब उठली. बाईमाणूस दारू गाळणार! फक्त माझा थोरला भाऊ, अण्णा, काही बोलला नाही. माहेराहून, कंग्राळीहून, मोटरसायकल मारत आला, जागेला एक फेरी घातली आणि म्हणाला, "टाकी केवढी पायजे?"

कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, अण्णाची शेड आहे. स्टीलच्या दुधाच्या टाक्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आसपासच्या डेऱ्या त्याच्याकडंच यायच्या. ज्यानं जन्मात सुपारी तोंडात टाकली नाही, त्या माणसानं बहिणीसाठी बिअरच्या दोन टाक्या करायला घेतल्या. पाहुण्यांनी विचारलं की बेधडक सांगायचा, "भनीनं सरबताचा कारखाना काढलाय."

बिअर आंबवायच्या टाकीत वेल्डिंगचा जोड आतून गुळगुळीत लागतो, खरखर राहिली तर तिथं जंतू घर करतात. एवढंच मी त्याला सांगितलं होतं. त्यानं ते असं काही मनावर घेतलं की काय सांगू! टाकीच्या तोंडातून आत उतरायचा, घासायचा, डोळे मिटून बोटानं चाचपायचा, पुन्हा घासायचा. दोन्ही टाक्या झाल्यावर मला बोलावलं आणि म्हणाला, "आत हात फिरीव. जोड कुठं हाय सांग." मी खांद्यापर्यंत हात घातला. मला काही सापडला नाही. तेव्हा लहान पोरासारखा हसला होता.

उद्यमबागेत अमावस्येला शेडीशेडीत नारळ फुटतो. शाळेत असताना अण्णाच्या शेडीतल्या पूजेचं ताट माझ्याकडंच असायचं, त्यामुळं ती सवय अंगात मुरलेली. पहिल्याच अमावस्येला मी टाक्यांना हळदकुंकू लावलं, हार घातले, नारळ फोडला आणि पाणी ओंजळीनं टाक्यांवर शिंपडलं. अण्णा मागंच उभा होता.

"नारळ उंबऱ्याला फोड की गं. टाकीवर कशाला पाणी? डाग पडत्यात."

"देवाचं पाणी आहे अण्णा, डाग कसले पडतात?"

"बरं," म्हणाला. वाद घालणं त्याच्या रक्तात नाही. ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

पहिले दोन घाणे बरे निघाले. तिसरा आंबट झाला. एका गिऱ्हाइकानं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि काउंटरवरच्या माझ्या नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "हुळी आगेति." आंबलंय म्हणून कानडीत सांगणारा तो पहिला. मग मराठीत सांगणारेही आले. चौथा घाणा गटारात गेला, पाचवा निम्मा गेला. मी पाणी तपासलं, यीस्ट तपासलं, पाइप उकळून घेतले. बेंगळूरच्या ओळखीच्यांना फोन केला, तर ते म्हणाले, गावाकडच्या टाक्या ना? मग जोडातच असणार. आणि मला ते पटलं. का पटू नये? स्वतःकडं बोट दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं.

तडक उद्यमबागेला गेले. शेडीत अण्णाची दोन जुनी माणसं काम करत होती, त्यांच्यापुढंच तोंड सोडलं. "तुझ्या जोडात घाण राहते. माझं सगळं नासलं तुझ्यामुळं. तुला नाही जमत हे काम. जा, गेट-ग्रिलच कर तू!"

अण्णानं हातातला ग्राइंडर बंद केला. खाली बघत म्हणाला, "टाक्या परत घेऊन जातो."

स्वतः टेंपो घेऊन आला आणि स्वतः उचलून नेल्या. आम्ही पुण्याहून नव्या आणल्या. त्यांतही एक घाणा चांगला, एक नासका, असंच चाललं. आता जोड कुणाचा म्हणायचा? तर मी बार्लीवर खापर फोडलं, मग हवेवर.

असं वर्षभर गेलं. मग सासरकडचे एक लांबचे चुलते वारले. दहा दिवस सुतक, त्यात अमावस्या आली, टाक्यांची दर महिन्याची पूजा काही झाली नाही. आणि त्या खेपेचे दोन्ही घाणे असे स्वच्छ निघाले, की पहिल्या घोटाबरोबर मला ती राहिलेली पूजा आठवली. उठले, कापसाचा बोळा घेतला आणि नमुना काढायच्या नळाच्या तोंडात फिरवला.

तो नळ टाकीच्या पोटाला असतो. नारळाचं गोड पाणी शिंपडलं की त्याच्या तोंडात जाऊन बसायचं. मी स्पिरिटनं वरून पुसायची, आत ते आंबत राहायचं. त्याच नळानं मी रोज नमुना काढायची आणि उघडझाक करताना ती घाण टाकीत चढायची. बोळा बशीत वाढवायला ठेवला, दोन दिवसांत सगळं उगवून आलं. जंतूंचं शिकलेली मी, आणि दर अमावस्येला स्वतःच्या हातानं जंतूंना नैवेद्य दाखवत होते! जे अण्णा डागांच्या भीतीनं बोलला होता, तेवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

पुढच्या अमावस्येपासून मी नारळ उंबऱ्याला फोडायला लागले. बिअर सुधारली, शनिवार-रविवार बसायला जागा मिळेना.

अण्णाला सांगितलं? नाही. सांगू की, काय घाई आहे, असं करत राहिले. दिवाळीत भाऊबीजेला तो नेहमीसारखा आला. ओवाळताना शब्द ओठावर आले होते. पण समोर नवरा, सासू, नणंद. सगळ्यांपुढं मी कसं म्हणू की चुकले? सगळ्यांपुढं त्याला बोलताना मात्र जीभ कशी सुरीसारखी चालली होती. तो जेवला, साडी दिली, गेला. राग असता तर आला असता का, अशी मी माझी समजूत घातली.

उन्हाळ्यात तिसरी टाकी हवी झाली. म्हटलं, अण्णालाच काम देऊ, देता देता सांगून टाकू. नुसती माफी मागण्यापेक्षा ते बरं वाटलं. शेडीत गेले तर भिंतीला गेटं टेकवलेली, खिडक्यांची ग्रिलं, एक जिना. स्टीलचा तुकडा कुठं दिसेना.

"आर्गनची मशीन कुठाय?" मी विचारलं. स्टीलचा जोड त्याच मशीनवर होतो.

"दिली इकून."

"आणि डेरीचं काम?"

"आलते की, मोठं काम घेऊन. न्हाय म्हणून सांगितलं."

"का रे अण्णा?"

"दूध लेकरं पित्यात गं. तुझी बिअर नासली, तू वतून दिलीस. माझ्या जोडापायी दूध नासलं आन कुणाच्या लेकराला काय झालं तर?"

"पण तुझ्या जोडात दोष आहे म्हणून कुणी सांगितलं तुला?"

त्यानं माझ्याकडं नवलानं बघितलं. "तूच की. तू शिकलेली. तू म्हणालीस म्हंजी असंल."

मला वाटत होतं तो रुसलाय. देवा! तो रुसला असता तर मी पाय धरून काढला असता रुसवा. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

सगळं सांगितलं. नळ, नारळ, बोळा. रडत सांगितलं. तो हळूच म्हणाला, "कवा कळालं तुला?"

"दिवाळीच्या आधी."

"मशीन दिवाळीनंतर दिली गं. भाऊबीजेला तुझ्याकडनं आलो, त्याच आठवड्यात."

मी म्हटलं, नवी घेऊ, आजच घेऊ. त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. बोटं जाड झालेली, टोकांना भेगा. "दोन वरसं गेटच केलंय. त्यो हात गेला आता," म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगायला बाहेर गेला.

तिसरी टाकीही शेवटी पुण्याहूनच आणली. आत हात घातला की तिचा जोड बोटाला लागतो.